आधी त्यांच्या हातचं पाणी : ऊसतोड टोळीशी शेजार कसा जोडावा

दिवाळी झाली की वाळवा, पलूस, कराड पट्ट्यात उसाच्या फडाकडेला कोप्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्या, उभ्या राहतात. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरकडच्या टोळ्या येतात, काही आपल्याच जतच्या. मग डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांना दया आठवते. टेम्पोभर चादरी, मागं बॅनर, एक प्रार्थना, एक फोटो आणि घरी. पुढच्या डिसेंबरपर्यंत सुट्टी.

आम्हीही हेच केलं. पहिल्या वर्षी चाळीस चादरी वाटल्या. दोन दिवसांनी मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ, त्या वाटेनं गेले, तर दोन चादरी बैलांच्या पाठीवर. रविवारी उपासनेनंतर ते तावातावानं म्हणाले, "बघा, किंमत नाही यांना." मी जाऊन गाडीवानाला विचारलं. तो म्हणाला, "बैलाला थंडी बाधली की गाडी बसली. गाडी बसली तर उचल कशी फिटायची?" उचल म्हणजे हंगामाआधी आगाऊ घेतलेली मजुरी. चादर जिथं सगळ्यात जास्त लागत होती तिथंच त्यानं घातली होती.

दया करावी की नाही, यावर हा लेख नाही, ते आपल्याला रविवार शाळेपासून पाठ आहे. आपलं चुकतं ते क्रमात. सगळे देण्यापासून सुरुवात करतात आणि मनातला दुजाभाव तसाच राहतो, उलट त्याला बक्षीस मिळतं. क्रम फिरवा : आधी स्वतःची झडती, मग त्यांच्या दारात पाहुणा म्हणून जाणं, मग ऐकणं, आणि देणं त्याच्याही नंतर.

टप्पा 1 : तयारी घरातच (दसऱ्याच्या आधी, दोन रविवार)

पहिल्या रविवारी चिठ्ठ्या वाटा. नाव न घालता प्रत्येकानं लिहायचं : गेल्या वर्षभरात परक्या माणसाबद्दल आपल्या घरात कोणते शब्द वापरले गेले? आमच्याकडे निघालेले काही असे : "कोपीवाले", "ते बीडकडचे", "भैय्ये", "पारधी दिसतोय, गाडी आत घे". शिवाय आपले खास चर्चचे शब्द : "बाहेरचे", "जगिक लोक". एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "लग्नाच्या वेळी विचारतात, आधीचे कोण?" म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात. ती वाचली तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. बाप्तिस्म्याच्या दोन-तीन पिढ्यांनंतरही आपल्यातच हे चालतं, मग तळावरच्या माणसाशी आपण कसे वागणार ते सांगायला नको.

चिठ्ठ्यांवर चर्चा करू नका. नुसत्या मोठ्यानं वाचा आणि घरी जा. चर्चा सुरू झाली की पाच मिनिटांत प्रत्येकजण "आमच्या घरात असलं काही नाही" हे पटवायला लागतो.

दुसऱ्या रविवारी बायबलमधला लूक 10 काढा. वाटेत अर्धमेला पडलेल्या माणसाला याजक आणि लेवी टाळून जातात, आणि यहूद्यांना नकोसा असलेला एक शोमरोनी वाचवतो, ती गोष्ट. हा अध्याय आपण हमखास चुकीचा वाचतो. वाचताना आपण स्वतःला शोमरोन्याच्या जागी बसवतो आणि जखमी माणसाच्या जागी मजुराला. मजकूर नीट बघा. वाटेत पडलेला माणूस परका आहे असं तिथं कुठंच म्हटलेलं नाही, तो यरुशलेमेहून यरीहोला निघालेला आपल्यातलाच कुणी वाटतो. परका आहे तो मदत करणारा. ऐकणाऱ्या यहूद्याला झोंबलं असेल ते हेच, की आपला जीव वाचला तो नको असलेल्या माणसाच्या हातून. म्हणून तर शेवटी येशूनं "तिघांपैकी शेजारी कोण झाला" असं विचारल्यावर "माझा शेजारी कोण?" असं आधी विचारणाऱ्या शास्त्र्याच्या तोंडून "शोमरोनी" हा शब्द निघत नाही. "ज्यानं दया केली तो," एवढंच म्हणतो.

हीच गोष्ट आपल्या रस्त्यावर आणून वाचा. आष्ट्याहून सांगलीला जाताना मोटरसायकल घसरून आपला एक डीकन रस्त्याकडेला पडलाय. पाळकसाहेबांची गाडी आली, त्यांना सभेला उशीर होतोय. चर्चचे सेक्रेटरी आले, त्यांना पोलिसांची झंझट नको. मग कोण थांबलं? इथं चिठ्ठीवरचा तो शब्द घाला जो तुमच्या तोंडून सहज जातो. वाचणाऱ्याची जीभ अडखळते. तेवढं झालं की दुसऱ्या रविवारचं काम झालं.

तपासणी : "आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो?" हा प्रश्न अजून सगळ्यांत आधी येत असेल तर तयारी कच्ची आहे. त्याऐवजी हे विचारा : परक्यानं तुम्हाला कधी वाचवलं? आपल्या भागात उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आपणच शाळांच्या वर्गांत गोधडीवर झोपलो होतो आणि कुठून कुठून आलेल्या भाकऱ्या खात होतो. त्या कुणी भाजल्या हे कुणी विचारलं होतं का?

टप्पा 2 : एकच तळ, एकच टोळी

तालुकाभर फिरू नका. चालत किंवा सायकलवर जाता येईल असा एकच तळ निवडा, दहा-पंधरा कोप्यांचा. ज्याच्या रानात तळ आहे त्या शेतकऱ्याला आणि टोळीच्या मुकादमाला, म्हणजे मजूर आणणाऱ्या म्होरक्याला, आधी भेटा. "आम्ही चर्चची माणसं आहोत, शेजारी म्हणून येत जाऊ" असं सरळ सांगा. कोण आहात हे लपवून गेलात की पुढचं सगळं संशयात जातं.

वेळ त्यांची धरा. कोयता पहाटेच चालू होतो, रात्री-अपरात्री वाहन आलं तर तेव्हाही भरायला उठावं लागतं. सकाळी दहाला गेलात तर तळावर भेटतील एखादी म्हातारी, तान्ही पोरं आणि बांधलेली कुत्री. त्यांना रविवार नसतो. खाडा झाला तर पैसे कापले जातात, त्यामुळे "रविवारी उपासनेला या" हे पहिल्या भेटीतलं आमंत्रण म्हणजे आपल्याला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नसल्याची पावती आहे. कुठल्या वेळी बसायला सवड असते, हे तिथल्या बायकांनाच विचारा.

टोळीनं "नको" म्हटलं तर? गुपचूप परत या. लूक 9 मध्ये शोमरोन्यांच्या एका गावानं येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. येशूनं त्यांनाच दटावलं आणि दुसऱ्या गावाची वाट धरली. आपणही दुसरा तळ बघावा. "एवढं करायला गेलो तर माज बघा" हे वाक्य परतीच्या वाटेवर कुणाच्या तोंडी आलं, तर त्याला पुढच्या वेळी नेऊ नका.

टप्पा 3 : पहिली भेट, रिकाम्या हातानं

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद इथं झाला. "रिकाम्या हातानं कसं जायचं? निदान बिस्किटं तरी?" नाही. त्याच लूक 10 च्या सुरुवातीला येशू सत्तर जणांना पाठवतो, तेव्हा पिशवी-झोळी घेऊ नका आणि जे पुढं वाढतील ते खा असं सांगतो. हातात पिशवी असली की तुम्ही देणारे ठरता, समोरचा घेणारा ठरतो, आणि मग पुढच्या दहा भेटींत ते बदलत नाही. पोरांना तर एकदा कळलं की ही बिस्किटवाली माणसं आहेत, मग तुमचं नाव कुणी विचारत नाही.

चार जणांपेक्षा जास्त नको. त्यात दोघी बाया हव्यातच. येशूचा शिष्य पेत्र यहूदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी गेला तेव्हा सहा भाऊ सोबत होते, पण तिथं घर मोठं होतं आणि माणसंही जमवलेली होती. कोपीपुढं दहा जण उभे राहिले की ती धाड वाटते.

गेल्यावर काय करायचं? बसायचं. जे अंथरतील त्यावर, उकिडवं नाही, मांडी घालून. पाणी देतील ते प्यायचं.

इथं थोडं थांबते, कारण सगळं याच तांब्यावर अडतं. माझ्यासोबत आलेल्या एका बाईंनी पाण्याचा तांब्या हातात घेतला, ओठांजवळ नेला आणि "उपास आहे" म्हणून खाली ठेवला. ख्रिस्ती बाई, बुधवार, कसला उपास? समोरची पोरसवदा बाई काही बोलली नाही. तिनं तांब्या उचलला, उरलेलं पाणी चुलीकडेला ओतलं आणि आत गेली. त्या दिवशी पुढं पाऊण तास आम्ही बोललो, पण सगळं वरवरचं.

सुखार गावाच्या विहिरीवर येशूनं काय केलं ते आठवा. शोमरोनी बाईला त्यानं आधी काही दिलं नाही, "मला प्यायला पाणी दे" म्हणून मागितलं. ती चकित झाली ती त्याच्या मागण्यानंच, कारण यहूदी शोमरोन्यांशी असला व्यवहार ठेवत नसत. जिवंत पाण्याचं बोलणं त्यानंतरचं.

पोटाची काळजी खरी आहे. पाणी विहिरीचं असेल, कॅनॉलचंही असेल. सोसणार नसेल तर सरळ म्हणा, "ताई, चहा टाकता का घोटभर?" कोरा चहा उकळलेला असतो आणि मागून घेतलेला असतो, दोन्ही कामं होतात. खोटा उपास सांगू नका.

बोलताना मोठ्यांना काका, मावशी, दादा, ताई. "तुम्ही" म्हणा, वयानं लहान असली तरी लेकुरवाळ्या बाईला "अगं" नको. ते तुम्हाला साहेब, मॅडम म्हणतील, तिथंच सांगा, "मला मावशी म्हणा." नावं विचारा, गाव विचारा, गावाकडे पाऊस कसा झाला विचारा. पावसावरून बोलणं जितकं लांब जातं तितकं कशावरूनच जात नाही. त्यांचं "कामून" आणि आपलं "का वो" यावरून आपली पोरं फिदीफिदी हसतात, त्यांना घरूनच समज देऊन आणा.

हे विचारू नका : जात. उचल किती घेतली. पोरीचं लग्न एवढ्या लवकर का केलं. आणि बायकांना "पिशवी काढली का?" हे तर चुकूनही नको. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्यांवर एवढं छापून आलंय की येणारा-जाणारा प्रत्येकजण तेच विचारतो. आपणहून सांगितलं तर ऐका.

सावध : मोबाईल खिशात. फोटो नाही, "फक्त ग्रुपवर टाकायला" सुद्धा नाही. आपल्या आईचा चुलीपुढचा फोटो अनोळखी माणसानं विचारल्याशिवाय काढलेला चालेल का?

तपासणी : घरी येऊन वहीत पाच जणांची नावं आणि गावं लिहिता आली पाहिजेत. नाही आली तर पहिली भेट पुन्हा करा.

टप्पा 4 : ऐका, मग तीन रकाने पाडा

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गरजा आपोआप निघतात. वहीत तीन रकाने करा : आपल्याला आज जमेल ते, सरकारी हक्काचं आहे ते, आपल्या आवाक्याबाहेरचं. आमच्या अंदाजात कपडे आणि धान्य पहिल्या नंबरवर होते. प्रत्यक्षात निघालं ते असं : मोबाईल चार्ज करायला जागा. आंघोळीला आडोसा. आई-बाप फडात असताना दोन-तीन वर्षांच्या पोरांकडे बघायला कुणीतरी. दिवस गेलेल्या दोघींची तपासणी. आणि एका बैलाच्या खुराची जखम.

मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि मंडळ्या तोच विसरतात. हक्काची गोष्ट धर्मादाय म्हणून वाटली की ती पुढच्या वर्षी कुणी देत नाही.

रेशन : रेशनकार्डावरचं धान्य आता आपल्या गावाबाहेरच्या रास्त भाव दुकानातही उचलता येतं. कार्ड घरी राहिलं असलं तरी कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगून यंत्रावर अंगठा लावायचा. अडचण अंगठ्याची येते, कोयत्यानं बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. दुसरं बोट लावून बघायला सांगा. पहिल्यांदा सोबत जा. दुकानदार एकट्या माणसाला "तुमच्या गावाला जा" म्हणून लावून देतो, सोबत गावातलं कुणी असलं की यंत्र चालतं.

शाळा : जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षाच्या मध्येही वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, दाखल्यासाठी अडवता येत नाही. गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर ते मागून घ्या. सहा वर्षांखालच्यांसाठी अंगणवाडी सेविकेला तळावर घेऊन या, गरोदर बायांसाठी आशाताईंना. ही माणसं आपल्या ओळखीची असतात, टोळीच्या नसतात. ओळख वापरा, ती फुकटची आहे.

जखम : कोयता पिंढरीला किंवा बोटाला लागतोच. शोमरोन्यानं तेल आणि द्राक्षारस ओतला, तो त्या काळचा उपचार होता. आपण तेल, हळद, राख काही लावू नये. स्वच्छ पाण्यानं धुवा, स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. साप चावला तर चिरा नको, आवळून दोरी नको, मांत्रिक तर नकोच. हालचाल न करता ताबडतोब दवाखाना. 108 चा नंबर कोळशानं का होईना, कोपीच्या पत्र्यावर लिहून ठेवा.

टप्पा 5 : आता द्या

शोमरोन्याचा क्रम काढून समोर ठेवा. जवळ गेला. जखमा बांधल्या. आपल्याच जनावरावर बसवलं. उतारशाळेत नेलं आणि रात्रभर स्वतः थांबला. दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले. आणि "जास्त खर्च झाला तर परत येताना देईन" असं सांगून गेला. पैसे पाचव्या नंबरवर आहेत. आपण पाचव्यापासून सुरू करतो आणि तिथंच संपवतो.

दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, मत्तय 20 मधल्या द्राक्षमळ्यात मजुरांशी हाच दर ठरतो. म्हणजे त्यानं दोन दिवसांची कमाई मोजली. हा हिशेब सोपा आहे : महिना साठ हजार पगार असेल तर चार हजार, तीस हजार असेल तर दोन. दानार्पणाच्या पेटीतली सुट्टी नाणी नव्हेत. आम्ही दर घरामागे हे मागितलं, सगळ्यांनी दिलं नाही, पण ज्यांनी दिलं त्यांची विचारपूस नंतर थांबली नाही.

पैसे दोघांच्या सहीनं काढा, वहीत नोंद ठेवा, आणि शक्यतो रोख हातात देण्यापेक्षा काम करून द्या. आमच्याकडे चार बांबू आणि ताडपत्रीत न्हाणीचा आडोसा झाला. पोरांसाठी दोघी निवृत्त शिक्षिका आळीपाळीनं सकाळी तळावर बसायला लागल्या. गुरांच्या डॉक्टरला आम्ही बैलासाठी फोन केला, तेव्हा त्याच वडिलांनी, चादरीवाल्या, स्वतःची जीप काढली.

जुने कपडे देणार असाल तर एकच कसोटी : हा शर्ट मी माझ्या सख्ख्या भावाला देईन का? बटण तुटलेलं, चेन बिघडलेली, डाग पडलेलं, सगळं घरी ठेवा.

सावध : उचल फेडायच्या भानगडीत पडू नका. मुकादम आणि मजुराच्या हिशेबात बाहेरच्यानं हात घातला की तुम्ही घरी जाता आणि मार त्याला बसतो. डांबून ठेवलंय किंवा मारहाण होतेय असं दिसलं तर 112, लहान मुलांचं असेल तर 1098. ते मात्र टाळू नका.

सावध : मदत आणि उपदेश एका ताटात वाढू नका. ताडपत्री बांधताना पत्रिका वाटायची नाही, औषध देताना "आधी प्रार्थना करू" म्हणायचं नाही. कुणी आपणहून म्हटलं, "मावशी, पोरासाठी प्रार्थना करा", तर तिथंच करा. विश्वासाबद्दल विचारलं तर लपवू नका, पण मदतीच्या दिवशी नको, वेगळ्या दिवशी, घरच्या सगळ्यांसमोर बसून सांगा. शोमरोन्यानं त्या जखमी माणसाला आमच्या गरिज्जीम डोंगरावर उपासनेला चल असं म्हटलेलं नाही.

टप्पा 6 : त्यांना आपल्याकडे बोलवा

सहा-सात भेटी झाल्या, आणि त्यांनी तुम्हाला निदान एकदा जेवू घातलं, की मगच.

तारीख आधी तपासा. नाताळ मार्गशीर्षात किंवा त्याच्या आसपास येतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बऱ्याच बायांचा उपास असतो. टोळीत माळकरी असतात, ते मटण-कोंबडीच्या पंगतीला बसणार नाहीत. विचारा, आणि त्यांच्यासाठी वेगळं शिजवण्यापेक्षा त्या दिवशी सगळ्यांचाच स्वयंपाक शाकाहारी करा. पुरणपोळी-कटाची आमटी केली तर कुणाची तक्रार येत नाही. आमच्यात आली, तरुण संघाची, पण ती ऐकण्यासारखी नव्हती.

दारात उभं राहणाऱ्यांना याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचायला द्या. सोन्याची अंगठी घातलेल्याला "इथं बसा" आणि मळक्या कपड्यांतल्याला "तिथं उभा राहा", हे अगदी आपल्या हॉलचं वर्णन आहे. आपण "मागं फॅन आहे, मागं बसा" म्हणतो, तेही तेच. एका कुटुंबाला एक यजमान घर ठरवून द्या, आणि यजमान जिथं बसतो तिथंच पाहुणे, त्याच बाकावर. गीतपुस्तक हातात कोंबू नका, वाचता येत नसेल तर ते ओझं होतं. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) त्या रविवारी असेल तर कोण घेतं, कोण नाही, हे यजमानानं आदल्या दिवशी शांतपणे सांगून ठेवावं. ट्रे समोर आल्यावर डोळ्यांनी दटावणं फार वाईट दिसतं.

आता आमची चूक. स्टीलची ताटं कमी पडतील म्हणून आम्ही पाहुण्यांना पत्रावळी आणि द्रोण दिले, आम्हाला ताटं. कुणाच्याही मनात काही नव्हतं. तळावरची ती पोरसवदा बाई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या ताटाकडे पाहिलं, आपल्या पत्रावळीकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मावशी, आमचं येगळं हाये का?"

त्या हॉलमध्ये जेवणाऱ्या निम्म्या लोकांच्या आज्यांनी ओंजळीत वरून ओतलेलं पाणी पिऊन दिवस काढलेत. आणि आम्हाला ते दिसलं नाही. मी माझं ताट बाजूला सारून पत्रावळ घेतली. मग एकेकानं घेतली. भात गार झाला, पण पंगत एक झाली.

तपासणी : ताट, पेला, पाणी, बसायची जागा, वाढायची वेळ. या पाचांत पाहुण्यात आणि घरच्यात फरक दिसला तर कुणाच्या तोंडून काही यायच्या आधीच तो काढा.

टप्पा 7 : कुरबुरी, आणि माफी कशी मागायची

"आधी आपल्यातले गरीब बघा" हे कुणीतरी म्हणणारच, आणि गलतीकरांस पत्राचा आधार देईल, की विश्वासाच्या घराण्यातल्यांचं विशेष बरं करा. तेच वचन (6:10) सुरुवातीपासून वाचायला सांगा, आधी "सर्वांचं" आहे.

दुसरी कुरबुर चोरीची. कुलूप जसं नेहमी लावता तसंच लावा, टोळी आली म्हणून जास्तीचं नको. आमच्याकडे जानेवारीत कीबोर्डचा अडॅप्टर सापडेना. चौघे जण थेट तळावर जाऊन कोप्यांमध्ये "सहज" डोकावून आले. तीन दिवसांनी अडॅप्टर आपल्याच कपाटात गीतपुस्तकांमागं मिळाला. मग सगळे गप्प. "त्यांना काय कळलंय, सोडा."

त्यांना कळलं होतं. माफीची रीत ही : जितके जण संशय घेऊन गेले, तितकेच जण जायचं, प्रतिनिधी पाठवायचा नाही. त्याच सगळ्यांसमोर सांगायचं. "गैरसमज झाला" म्हणायचं नाही, "आम्ही तुमच्यावर आळ घेतला, आमचं चुकलं" म्हणायचं. सोबत मिठाई नेऊ नका, ती नेली की समोरच्याला माफ करावंच लागतं. आमच्या चौघांपैकी तिघे गेले. चौथे अजून गेलेले नाहीत.

आणि हे एकदा करून संपत नाही. परक्याला अशुद्ध म्हणू नको अशा अर्थाचा पेत्राला तीनदा दृष्टान्त झाला, तो कर्नेल्याच्या घरी राहिला, तिथं जेवला, त्यावरून यरुशलेमेत बोलणी खाल्ली आणि ठाम उभा राहिला. तोच पेत्र पुढं अंत्युखियात मोठी मंडळी आली म्हटल्यावर परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, आणि पौलाला त्याला तोंडावर सांगावं लागलं. म्हणून दर महिन्याला एक प्रश्न विचारत राहा : या महिन्यात आपण कुणाच्या घरी जेवलो?

तुमच्याकडे ऊस नसेल तर

टप्पे तेच, जागा वेगळी. मिरजेत दवाखान्यांच्या बाहेर कर्नाटकातून आलेले नातेवाईक रात्र काढतात, तिथं आधी कानडी बोलणारा माणूस सोबत घ्या. महाबळेश्वर-पाचगणीला हॉटेलात राबणारी परप्रांतीय पोरं आहेत, त्यांची सवड पावसाळ्यात. रिकाम्या हातानं जायचं हे सगळीकडे सारखंच.

टप्पा 8 : पट्टा पडल्यावर

मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, आणि तळ एका रात्रीत उठतो. त्याच्या आठवडाभर आधी ही कामं उरका : गरोदर बायांची तपासणीची कागदं आणि पोरांची लसीकरण कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. शाळेकडून हजेरीचा कागद घ्या. फोन नंबर दोन्हीकडून, आणि तो लगेच लावून बघा. निरोपाची सभा, हार, भाषण काही नको. सामान भरायला हात लावा.

मग मध्ये फोन करा. पोळ्याला करा, बैलवाल्यांच्या घरी तो दिवस मोठा असतो. गेल्या पोळ्याला मी त्या गाडीवानाला लावला. बैलांचं विचारायच्या आधी त्यानंच विचारलं, "मावशी, आयर्विनला पाणी किती हाये? टीव्हीवर दाखवू राहिले." मी म्हटलं, चढतंय, पण अजून काही नाही. तो म्हणाला, "घरात शिरलं तर इकडं निघून या सगळे. कोपी न्हाई इथं, घर हाये."